पणजीत आईबाबांबरोबर एक संध्याकाळ: छोटं, देखणं रेस्टॉरंट-बार सुचवा

गोकर्णफूल:
मंडळी, मदत हवी आहे. एप्रिलमध्ये आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. त्यानिमित्त त्यांना घेऊन बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीला जायचं ठरवलंय. मुक्काम पणजीतच आहे.

बाबा मित्रांबरोबर कधीमधी एखादा पेग घेतात. आई मात्र आयुष्यात कधी बारमध्ये बसलेली नाही. तिच्या डोळ्यांसमोर बार म्हणजे काळ्या काचेचं दार, आत मिणमिणता दिवा आणि दारात पान थुंकणारे लोक. पण गेल्या महिन्यात माझे फोटो बघता बघता तीच म्हणाली, "तुम्ही जाता तसल्या सुंदर जागी मला एकदा न्या की. काय करतात तिथे, ते बघू तरी दे." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

बागा-कळंगुटचा गोंगाट नको, कसिनो तर नकोच. जुन्या पणजीत, शक्यतो फोंताइन्हासच्या आसपास, मोजकी टेबलं असलेली एखादी छान सजवलेली जागा हवी. जेवण चांगलं हवं आणि एकमेकांचं बोलणं ऐकू यायला हवं. आई मासे खाते, बाकी मांसाहार करत नाही. तिघांचे पाच-सहा हजार झाले तरी चालतील. आईला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढंच बघायचंय.

चखणाप्रेमी:
आई स्वतःहून "ने" म्हणाली, म्हणजे निम्मं काम झालं! ४० वर्षांच्या आगाऊ शुभेच्छा.
फोंताइन्हासजवळ गोमेश परेरा रस्त्यावरचा जोसेफ बार मला फार आवडतो. पण जागा एवढीशी, की निम्मी मंडळी ग्लास हातात घेऊन बाहेर रस्त्यावरच उभी असतात. गप्पा रंगतात, वातावरण मस्त असतं. पण आईबाबांना उभं ठेवून चालायचं नाही.

सरळमार्गी:
मला प्रश्नच पटला नाही. रागावू नका ताई. साठी उलटलेल्या आईला बारमध्ये नेऊन नक्की काय दाखवायचंय? मिरामारला सूर्यास्त बघा, चांगली मासळीची थाळी खा, मांडवीच्या काठाने फेरी मारा. वाढदिवस सुंदर साजरा होईल. हल्ली जे 'स्टायलिश' आहे तेच चांगलं, अशी समजूत झाली आहे.

आजीचा_डबा:
सरळमार्गी, तुमचा सूर मला बोचला. मी ६६ वर्षांची आहे, म्हणून लिहिते. "काय दाखवायचंय" हा प्रश्न तुम्ही मुलीला विचारलात. पण बघायचंय ते आईला, आणि तिने ते तोंडाने सांगितलंय.

आमच्या लग्नानंतर पुण्यात 'फॅमिली रूम' असायच्या. जिना चढून वर जायचं, प्लायवुडच्या कप्प्यात बसायचं, पडदा ओढायचा. खाली हॉलमध्ये पुरुष, वर पडद्याआड आम्ही. यजमान बिअर घ्यायचे आणि मी व्हेज मंचुरियन. वेटर माझ्याकडे न बघता त्यांनाच विचारायचा, "मॅडमना काय?" दारूची मला कधी ओढ नव्हती, आजही नाही. पण चार लोक बसतात तिथे उजेडात बसावं, मेनू आपल्या हाती यावा आणि आपल्यालाही कुणी काय हवं ते विचारावं, असं वाटायचं. मुलाने दोन वर्षांपूर्वी मुंबईत अशा एका ठिकाणी नेलं. मी आवळ्याचं सरबत प्यायले आणि तीन तास बसले. सूनबाईंनी उठवलं नसतं तर आणखी बसले असते.

गोकर्णफूल, जरूर न्या. फक्त एक करा. मेनू आईच्याच हातात द्या. तिच्या वतीने तुम्ही मागवू नका.

बोंडूवाला:
आजी, दंडवत.

चखणाप्रेमी:
आजी, त्या पडद्यामागे आपला कायदाही आहे. मुंबई प्रांतात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि दारू पिणं ही परवाना काढून करायची गोष्ट झाली. 'परमिट रूम' हा शब्द तिथूनच पाट्यांवर आला. महाराष्ट्रात आजही कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतो. बिअर-वाइनसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५. परवाना घेऊन करायची गोष्ट लोक चारचौघांत करत नाहीत, मग काचा काळ्या होतात आणि दिवे मंद.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. १९६१ साली मुक्त होईपर्यंत हा कायदा तिथे पोचायचा प्रश्नच नव्हता. म्हणून तिथल्या जुन्या तावेर्नाचं, म्हणजे छोट्या गुत्त्याचं, दार रस्त्यावर उघडं असतं. एका बाजूला तांदूळ-साबण विकतात, दुसऱ्या बाजूला फेणीचा पेला. आईंची भीती खरी आहे, पण ती आपल्या बाजूच्या बारची आहे.

सरळमार्गी:
आजी, तुमचं म्हणणं कळलं. कप्प्यांचं मला माहीत आहे, आमच्याही घरच्या बायका तिथेच बसायच्या. माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण "आईने सांगितलंय" हे मी नीट वाचलं नव्हतं.
आता कामाचं सांगतो. हल्ली अशा जागांत उंच स्टुलं असतात, पाय लोंबकळत राहतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते अर्धा तासही झेपत नाही. फोनवर आधी विचारा, की पाठीला टेकायला येईल अशी खुर्ची आहे का आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का. जुन्या घरांत लाकडी जिने फार उभे असतात.

गोकर्णफूल:
सरळमार्गी, हे माझ्या यादीत नव्हतंच. आईचा डावा गुडघा खरंच कुरकुरतो. मनापासून आभार.

उंबरठा:
मी घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यात गोव्यातली काही जुनी घरंही केली आहेत. तुम्ही बोलणं ऐकू येण्याचा मुद्दा काढलात, तर त्याबद्दल लिहितो.

नव्या बारमध्ये कान किटतात त्याला गाण्याचा आवाज हे एकच कारण नसतं. खाली गुळगुळीत फरशी, समोर काच, वर उघडं काँक्रीट. आवाज शोषून घेणारं काहीच नाही. शेजारच्या टेबलावरचे लोक जरा मोठ्याने बोलतात, म्हणून आपण त्याहून मोठ्याने, आणि नऊ वाजेपर्यंत सगळे ओरडत असतात. फोंताइन्हासमधलं जुनं घर याच्या उलट. चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, वरच्या मजल्याला लाकडी तक्तपोशी. भिंती ओबडधोबड, छप्पर उतरतं आणि उंच, त्यामुळे आवाज एका जागी साचत नाही.

उजेडाचंही तसंच. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या शिल्लक असतील अशी खोली मिळाली तर सोडू नका. काच महाग होती तेव्हा चपटे, दुधी शिंपले घासून लाकडी चौकटीत बसवायचे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला त्यातून येणारा उजेड कुठल्याही सजावटकाराला विकत आणता येत नाही. अंधार पडल्यावर गेलात तर हे हुकेल. म्हणून लवकर जा. आणि कोपऱ्यातलं, दोन बाजूंनी भिंत असलेलं टेबल मागा, तिथे शेजारची टेबलं दोनच बाजूंना असतात.

कुडाळी_वारा:
उंबरठा, ह्यां वाचून माका आजोळच्या घराची याद इली. सुंदर लिवलास.

मांडवीकाठ:
मी पणजीचाच, माळा भागात राहतो. काही गोष्टी तुम्हाला बाहेरून दिसणार नाहीत, त्या सांगतो.

पहिली म्हणजे वेळ. आमच्याकडे दुपारची झोप अजून जिवंत आहे. बरीच स्वयंपाकघरं तीनच्या सुमाराला बंद होतात आणि सात-साडेसातलाच पुन्हा पेटतात. त्यामुळे उंबरठा म्हणतात त्या उजेडासाठी साडेसहाला गेलात, तर प्यायला मिळेल, पण जेवणाला थांबावं लागेल. माझ्या मते उत्तमच. तोवर आईंना फोंतेफिनिक्सच्या झऱ्याकडे आणि सेंट सेबास्तियनच्या कपेलकडे (छोट्या चर्चकडे) फिरवून आणा. तिथल्या क्रुसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. तो क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. ३१ जानेवारी रस्त्यावरच्या कॉन्फेतारिया या जुन्या बेकरीत डोकावा. रविवारी पुष्कळ जागा बंद असतात, तो दिवस टाळा.

दुसरी गोष्ट जरा कळकळीने सांगतो. फोंताइन्हास म्हणजे लोकांची राहती घरं आहेत. आमच्या पायऱ्यांवर बसून, दाराच्या कड्या धरून लोक फोटो काढतात. रात्री अकरा वाजता खिडकीखाली हसणं-खिदळणं चालतं. आत मुलांची परीक्षा असते, म्हातारी माणसं आजारी असतात. चखणाप्रेमी, रस्त्यावर ग्लास घेऊन उभं राहण्यात गंमत आहे, मान्य. पण समोरच्या घरातल्या माणसाला ती रोज रात्री सोसावी लागते. आवाज बेताचा ठेवला तर कुणाचीच तक्रार नाही.

जागेबद्दल तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मला माहीत असलेल्या एका ठिकाणी फारच थोडी टेबलं आहेत. ते घरचेच लोक चालवतात.

चखणाप्रेमी:
मांडवीकाठ, तुमच्या बाजूने कधी विचारच केला नव्हता. पुढच्या वेळी आत जागा मिळाली तरच थांबेन.

बोंडूवाला:
एप्रिल म्हणजे उर्राकचा मोसम! ताई, हे चुकवू नका. आमची सत्तरी तालुक्यात काजूची बाग आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडावरून तोडायची नसतात. पिकून आपोआप खाली पडलेलेच वेचायचे. बी पिरगळून वेगळी काढायची. बोंडू कोळंबीत, म्हणजे कातळात कोरलेल्या टाकीत घालून पायांनी तुडवायचे. त्या चोथ्याचा गोळा करून वर दगडाचं वजन ठेवलं की शेवटी जो थेंबथेंब रस गळतो तो नीरो. तो ताजाच प्यायचा, त्यात नशा नसते. तुमच्या आईंना कुठे मिळाला तर जरूर द्या, पण सकाळी. दुपार झाली की आंबायला लागतो.

आंबलेला रस भाटीवर चढवला की पहिल्या धारेची उर्राक मिळते, १५ टक्क्यांच्या आसपास, हलकी आणि फळाच्या वासाची. उर्राक रसात मिसळून पुन्हा भाटीवर चढवली की फेणी, ती बेचाळीसच्या घरात. फेणी वर्षानुवर्षं टिकते. उर्राक टिकत नाही, म्हणून ती मार्च ते मेच. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का. फॅन्सी बारमध्ये तुळस नि बेरी घालून देतात. एकदा साधी मागून बघा, म्हणजे काजूचा वास कळेल.

फेणीच्या वासाला नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगतो. पूर्वी मिळायची त्यात बरीच भेसळीची असायची. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर चांगली बाटली ओळखणं सोपं झालं. बाबांना दुक्शिरी द्या. ती मुळी घालून काढलेली फेणी, वास एकदम निराळा, मातीसारखा.

तेजो_किनारी:
लिस्बनहून लिहितेय. बोंडूवाला, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.
इथे 'ताश्का' म्हणतात त्या जागा अगदी छोट्या असतात. दहा-बारा माणसं, कागदाचं टेबलक्लॉथ, दिवसाचे दोन-तीन पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले. रोसियूजवळ चेरीच्या दारूचं, जिंजिन्याचं एक दुकान १८४० पासून आहे. आत बसायला जागाच नाही, खिडकीसारख्या गल्ल्यावरून एवढासा पेला घ्यायचा आणि चौकात उभं राहून प्यायचा. सत्तरीच्या बायका भाजीची पिशवी हातात घेऊन येतात, पेला संपवतात आणि घरी जातात. मी पुण्याहून नवी आले होते तेव्हा त्यांच्याकडे बघतच राहिले होते. गोव्यातलं तावेर्ना बघितलं की मला हेच आठवतं.
गोड काय खावं, तर सेर्रादुरा मागा. बिस्किटाचा चुरा आणि फेटलेली क्रीम. इथेही तोच मिळतो. बेबिंका मात्र इथे शोधावा लागतो.

हिशेबनीस:
बिलाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी.
जेवणावर साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. म्हणजे तोच मासा, पण बिलात तफावत. दारूवर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. म्हणून बिलात दोन वेगळे हिशेब दिसतात, गोंधळू नका. महाराष्ट्रात बसून पिण्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला. गोव्यात ग्लास स्वस्त लागतो त्यात कमी कराचा वाटा मोठा आहे.
सेवाशुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. सेवा आवडली असेल तर वाढणाऱ्याच्या हातात रोख ठेवा, ते त्याला नक्की मिळतात.

चखणाप्रेमी:
हिशेबनीस पार्टीला बरोबर असले की बिल वाचावं लागत नाही, तेच पाठ म्हणून दाखवतात. :)

कुडाळी_वारा:
हिशेबनीसांक +१.
येतानाचं कुणी सांगितलं नाही. गोव्याची बाटली स्वस्त म्हणून डिकीत टाकू नका. दुसऱ्या राज्यात परवान्याशिवाय नेली तर ती बेकायदा ठरते. आमच्याकडे बांद्याच्या नाक्यावर कायम तपासणी असते, तुमच्या घाटाच्या बाजूलाही असू शकते. आणि त्या रात्री गाडी मुक्कामाच्या जागीच ठेवा. १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, कधी दोन्ही. पणजीत ओला-उबर नाही. गोवामाइल्सची गाडी बोलवा किंवा मुक्काम जवळ असेल तर सरळ चालत जा.

आजीचा_डबा:
गोकर्णफूल, जाऊन आलात की लिहा हं. मी वाट बघतेय.

गोकर्णफूल:
आलो! दोन दिवस उशिरा लिहितेय, त्याबद्दल क्षमस्व.

मांडवीकाठ यांनी सुचवलेल्या जागीच गेलो. फोनवर खुर्ची, जिना, कोपरा सगळं विचारलं. (सरळमार्गी, तळमजल्यावरचं टेबल मिळालं, खुर्च्या हात असलेल्या होत्या.) साडेसहाला पोचलो. शिंपल्याची खिडकी एकच होती, पण आमच्याच टेबलाच्या डोक्यावर. आई बसल्या बसल्या तिला हात लावून बघत होती.

मेनू तिच्या हातात दिला. तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, दारूच्या यादीसकट, वाचला. मग वाढणाऱ्या मुलीला विचारलं, "यातलं उर्राक म्हणजे काजूचंच ना? माझ्या माहेरी सावंतवाडीला बोंडूचा वास यायचा तसं?" त्या मुलीने एका छोट्या पेल्यात थोडी आणून वास घ्यायला दिली. आईने वास घेतला, खूश झाली, "अगदी तोच" म्हणाली आणि पेला बाबांकडे सरकवला. स्वतः कोकम-सोडा घेतला, वर हिरवी मिरची मागून घेतली. बाबांनी पुढे दुक्शिरी घेतली. पहिल्या घोटाला चेहरा वाकडा, तिसऱ्याला "हे वेगळंच आहे" आणि नंतर दुक्शिरीवरच एक व्याख्यान.

जेवण अप्रतिम. आईसाठी बांगड्याची उडदमेथी, तिघांत मिळून चोणक रवा फ्राय, काल्दीन (नारळाच्या रसातली पिवळी आमटी) आणि पोई (गोव्याचा पाव). उडदमेथीत तिरफळ होतं. आई म्हणाली, ठेचून घातलंय, आमच्याकडे अख्खं घालतात. मालकीणबाई शेजारच्या टेबलाशी होत्या, त्यांच्या कानावर गेलं. त्या आल्या आणि दोघी तिरफळ कधी वाळवायचं, बी का काढायची यावर इतका वेळ बोलत उभ्या राहिल्या, की बाबांनी मला हळूच विचारलं, "आपण मासा गार व्हायच्या आत खाऊ का?"

नऊच्या सुमाराला एक मोठा घोळका आला आणि आवाज वाढला. सांगायच्या आधीच त्या मुलीने गाणं कमी केलं. सेर्रादुरा यायला फार वेळ लागला, एवढंच काय ते उणं. बिल ठरवलं होतं त्यात बसलं. सर्व्हिस चार्ज लावलेलाच नव्हता. हिशेबनीस, तुमच्या सांगण्याप्रमाणे त्या मुलीच्या हातात वेगळे दिले.

परतताना चालत आलो. आई म्हणाली, "एवढे लोक होते, पण कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही." तिला हेच सगळ्यात जास्त आवडलं होतं. बेळगावात मैत्रिणींना सांगून झालंय. आता त्या चौघींना जायचंय, नवऱ्यांशिवाय.

आजीचा_डबा:
चौघींत पाचवी चालेल का विचारा! पुण्याहून येईन.

सरळमार्गी:
वाचून बरं वाटलं. खुर्च्यांचं लक्षात ठेवलंत, आनंद झाला. आमच्या सौभाग्यवतींना हा धागा दाखवला. त्या म्हणाल्या, मग आपण कधी?

तेजो_किनारी:
तिरफळावरचं ते बोलणं तुमच्या आईंना लिहायला सांगा ना. वेगळा धागा होईल.

चखणाप्रेमी:
जागेचं नाव?

गोकर्णफूल:
उघड लिहीत नाही, रागावू नका. टेबलं फारच कमी आहेत आणि शेजारी घरं आहेत. मांडवीकाठ यांनी विश्वासाने सांगितलं. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी व्यनि करा, फोन नंबरसकट कळवते. आजी, तुम्हाला आत्ताच पाठवला. चौघीजणी जूनमध्ये जायचं म्हणतायत, तेव्हा काय मिळेल?

मांडवीकाठ:
गोकर्णफूल, देव बरें करूं.
जूनमध्ये येत असतील तर दोन गोष्टी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे इसवणासारखी समुद्रातली मासळी ताजी मिळेलच असं नाही. नदीतलं आणि खाडीतलं काय आहे ते विचारा, तिसऱ्या-शिणाणे (शिंपल्यांचे प्रकार) असतील तर तेच मागवा. उर्राक तेव्हा संपलेली असते. त्यांनी मेच्या पहिल्या पंधरवड्यात यावं, दोन्ही मिळेल. बुकिंग चार दिवस आधी करा आणि संख्या नक्की सांगा. पाच जणींना दोन टेबलं जोडावी लागतील.